वाळुंजाच्या गुंडाळ्या

तळ्याकाठच्या वाळुंजाची, म्हणजे विलोची, पानं विड्यासारखी गुंडाळली जायला लागली, तेव्हा व्हाइटफील्डच्या त्या सोसायटीत पहिली बोंब ठोकली रत्नाकरकाकांनी. काका सेक्रेटरी, मूळचे पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. "रोग पडलाय. रविवारी फवारणी," असं ग्रुपवर टाकून त्यांनी विषय मिटवला.

पण स्मृती असताना कुठला मिटायला? वर्षापूर्वी लिफ्टमध्ये कुणी असलं तर जिन्याने जाणारी ही दहावीतली पोर शाळेच्या वादविवादात ढाल काय जिंकली, तिची भीडच चेपली. ती थेट काकांच्या दारात.

"काका, रोग नाही तो. बारक्या पतंगाच्या अळ्या आहेत. पान गुंडाळतात, रेशमाने टाचतात नि आत बसून तेच पान खातात."

"झाड खाऊन टाकतात, म्हण की."

"इतकं नाही हो खात. रविवारी तुमच्यासमोर पतंग काढून दाखवते, मग फवारा."

एकदा पतंग बघितला की काकांना तो मारवणारच नाही, अशी तिची खात्री. पतंगाने मात्र रविवारचा शब्द दिला नव्हता.

तिने तीन गुंडाळ्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवल्या, वर मलमलचं फडकं. वडील तिला चिडवायचे, "विलो खाते ना ती? मग माझी बॅट घाल."

"अण्णा, ती पान खाते, सिक्सर मारत नाही."

रविवारी सोसायटीचा माळी देवाप्पा पाठीवर पंप लावून हजर. झाडाखाली काका आणि चार शेजारी. स्मृतीने फडकं काढलं आणि पहिल्या गुंडाळीतून मुंगीएवढी, तारेसारख्या कमरेची काळी गांधीलमाशी बाहेर आली.

"हा तुझा पतंग?" काकांनी विचारलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

स्मृतीचे कान तापले. जिना जवळच होता. पण ती हलली नाही; तिने नखाने गुंडाळी उलगडली. आत अळीचं सुकलेलं कातडं, शेजारी झाकण उघडलेला पांढरा कोष. दुसऱ्या गुंडाळीतही तेच.

"काका, हे तर पतंगापेक्षा भारी आहे. ही अळीच्या पोटात वाढली, तिला आतून खाऊन बाहेर आली. अळ्या आवरायला ह्या आधीच झाडावर आहेत. फवारलंत तर ह्यासुद्धा मरतील."

काकांनी चष्मा चढवला, डबा नाकाशी धरला. कोष उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे झाडाने स्वतःची सिक्युरिटी ठेवलीये," ते म्हणाले. "तीही मेंटेनन्स न घेता."

एवढ्यात तिसरी गुंडाळी हलली. तिच्या टोकातून तपकिरी कोष अर्धा बाहेर सरकला.

"सार, सुरू करू?" देवाप्पाने पंपाचा दांडा धरला.

"स्वल्प थांबा," काका नजर न उचलता मोडक्या कानडीत म्हणाले, म्हणजे जरा थांबा. "नाही, आज नकोच. पंप घरी न्या."

"सरी," बरं, म्हणत देवाप्पाने पंप उतरवला आणि घरी जायचं सोडून तोही डब्यावर वाकला.

कोष उकलला. आधी मिशा, मग डोकं, मग चुरगळलेले ओले पंख. सगळे डब्याभोवती दाटले. पंख हळूहळू सरळ झाले. राखाडी, चिंचोक्याहून लहान.

"एवढासाच?" काका कुजबुजले.

"एवढासाच," स्मृती म्हणाली, जणू हत्तीच दाखवत होती.