रायफलीचा साज

जयसिंगने रायफल घरी आणली त्या दिवशी त्याच्या बायकोने, तुळजाबाईने, तिला हळदकुंकू वाहिलं होतं, हे आधी सांगितलं पाहिजे. पुढे ती त्या रायफलीला जे काही बोलली, ते सगळं नंतरचं.

मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला, रानाला अगदी चिकटून त्यांचं एक खाचर होतं. उतारावर वरी-नाचणी व्हायची, पण घराला वर्षभर भात घालायचं ते हे एकच आंबेमोहराचं खाचर. रानडुकरांनाही ते पक्कं ठाऊक होतं. दाणा भरला की कळप उतरायचा आणि खाण्यापेक्षा लोळवायचाच जास्त. आजवर ते राखलं शेजारच्या कोंडिबातात्याने, आपल्या ठासणीच्या बंदुकीने. तात्याची साठी उलटलेली, बंदूक त्याच्याहून म्हातारी, नळी लाकडी दस्त्याला तारेने बांधलेली. पण ती वाजली की डोंगर हलायचा, आणि डुक्कर पडलं की वाडीत रीतीप्रमाणे वाटे पडायचे. पहिला वाटा बंदुकीचा.

तो पहिला वाटा जयसिंगच्या डोळ्यांत खुपायचा. मटणासाठी नव्हे, मानासाठी. त्याने पौडच्या कचेरीत खेटे घालून 'पीक संरक्षणासाठी' असा परवाना मिळवला आणि एकोणसाठ सालच्या उन्हाळ्यात पुण्याला कँपात जाऊन एक जुनी बावीस बोअरची रायफल घेऊन आला. मोठी बंदूक परवडणारी नव्हती, ही परवडली. शिवाय दुकानदार त्याला 'साहेब' म्हणाला. जयसिंगला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावर त्याने तोफसुद्धा घेतली असती.

वाडीने रायफल पाहिली. कोंडिबातात्याने करंगळीच्या पेराएवढं काडतूस तळहातावर घेऊन बराच वेळ निरखलं.

"जयशिंगा, ह्ये डुकराला मारायचं, का त्येच्या कानात घालायचं?"

"तात्या, ह्यात दारू ठासायची नसती. ह्यात नेम लागतो, नेम," जयसिंग म्हणाला.

झालं. त्या 'नेम' शब्दाने घराचा घात केला. नेमासाठी दुर्बीण हवी. दुकानदाराने चित्रांचं एक पुस्तक सोबत दिलं होतं. ते मांडीवर घेतल्याशिवाय आता जयसिंगच्या घशाखाली भाकरी उतरेना. दुर्बीण बसवायला पोलादी कड्या हव्यात. कड्या बसवल्या की डोळा उंच जातो आणि जुना दस्ता बुटका पडतो, म्हणून अक्रोडाचा नवा दस्ता. दस्त्याच्या टोकाला रबराची टाच, म्हणजे बार काढताना खांद्याला धक्का बसत नाही. त्या रायफलीचा धक्का शेळीच्या करडाने ढुशी दिल्याएवढाही नव्हता, पण पुस्तकातल्या साहेबाने टाच लावली होती. एकेक करत सगळं घरात आलं.

त्याने दुकानाला कार्डही टाकलं. 'घोडा फार जड आहे, हलका करून मिळेल काय?' बोट ठेवायचा चाप म्हणजे बंदुकीचा घोडा, हे दुकानदाराला कळलं असणार. पोस्टमनला नाही कळलं. उघडं कार्ड, त्याने ते वाचलं, आणि जयसिंगने घोडा घेतल्याची बातमी कोळवणपर्यंत गेली. चार दिवस बायका पाणवठ्यावर तुळजाबाईला विचारत होत्या, घोडा खातो काय म्हणून.

"आमचा भात खातुया," ती सांगायची.

पट्टा मात्र पौडच्या हाफीजने शिवला. हाफीज खोगीर-लगामाचं काम करायचा आणि कामाला पक्का होता. पितळी बक्कल घासून त्याने पट्टा जयसिंगच्या हातात दिला.

"जयसिंगराव, पट्टा झकास झालाय. आता त्याच्या लायकीची बंदूक बघा."

जयसिंगला ती स्तुती वाटली. घरी येऊन त्याने ती तुळजाबाईला दोनदा सांगितली.

गणपती गेले, दसरा गेला. दाणा भरला. तुळजाबाई रोज बांधावर जाऊन लोंब्या चाचपायची, आणि एका सकाळी तिला खाचराचा वरचा कोपरा आडवा झालेला दिसला. चिखलात खुरं उमटली होती. पलीकडे तात्याचं शेत जसंच्या तसं उभं होतं. ती तशीच तात्याच्या दारात गेली.

"तात्या, औंदा आमच्या बांधावर आला न्हाईत?"

"कसा येणार, पोरी? तुमच्या घरात आता बंदूक हाय."

यात राग नव्हता, रीत होती. ज्या घरात बंदूक, त्याच्या शेतात दुसऱ्याने बार काढायचा नाही. काढला, तर तुमच्यात मर्द उरला नाही असं चारचौघांत बोलल्यासारखं होतं. तुळजाबाईला ही रीत लहानपणापासून ठाऊक होती. ती आपल्याच घराला लागू पडेल, हे तेवढं ध्यानात आलं नव्हतं. पीक राखायला आणलेल्या बंदुकीने पिकाचा राखणदारच काढून घेतला होता. तिला इतका संताप आला की घर येईपर्यंत ती त्या रायफलीच्या नावाने एकटीच बोलत राहिली.

जयसिंग ओसरीवर रायफलीला तेल लावत बसला होता.

"अवं, आज खाचरावर बसाया जाताय का?"

"आज? अगं, दुर्बिणीचं एक भिंग धुरकट दिसतंय. आन् खोळ अजून शिवून यायची हाय. दवात लोखंड गंजतं."

"भात बी दवातच हाय."

"तुला त्यातलं कळत न्हाई."

"मला भातातलं कळतं," ती म्हणाली आणि आत गेली.

तीन दिवस हेच चाललं. रोज कोपरा वाढत होता. चौथ्या पहाटे तिने खुंटीवरची रायफल खांद्याला अडकवली आणि वाट धरली. जयसिंग अनवाणी तिच्यामागे धावला. पट्टा भिजेल म्हणून.

ती दोघं पोचली तेव्हा फटफटत होतं. कळप खाचरातच होता. एक थोराड सुळेवाला, चार माद्या. पलीकडच्या बांधावर कोंडिबातात्या भरलेली बंदूक मांडीवर घेऊन आपलं शेत राखत बसला होता. इकडे तो फक्त बघत होता.

जयसिंगने रायफल तिच्याकडून घेतली. टाच खांद्याला, गाल दस्त्याला, डोळा दुर्बिणीला. मान्य केलं पाहिजे, माणूस दिसत छान होता. त्याने घोडा दाबला. वाळकी काटकी मोडावी तेवढा आवाज झाला. नेमही चुकला नाही; गोळी सुळेवाल्याच्या खांद्यावर बरोबर बसली. डुकराने कान हलवला, एकदा अंग झटकलं आणि पुन्हा आंबेमोहरात तोंड घातलं. जयसिंगने दुसरी मारली, तिसरी मारली. सुळेवाला दहा पावलं सरकला, भात अधिक दाट होता तिकडे.

तुळजाबाईने पलीकडे पाहिलं. तात्या हलला नव्हता, हलणारही नव्हता. तिने पदर खोचला आणि मोठ्याने म्हणाली, "तात्या, आमच्या घरात बंदूक न्हाई."

तात्याने तिच्याकडे बघितलंच नाही. तो जयसिंगकडे बघत राहिला. ते वाक्य बाईने बोलून भागणारं नव्हतं. ज्याची बंदूक, त्यानेच बोलायचं होतं. खाली भात मोडल्याचा कराकरा आवाज येत होता.

तुळजाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. म्हणण्यासारखं सगळं म्हणून झालं होतं.

जयसिंगने रायफल खाली घेतली. दस्ता, बक्कल, भिंगं, सगळं एकदा डोळ्यांखालून घातलं. मग घसा खाकरला.

"बरूबर बोलती ती, तात्या. बंदूक न्हाई." रायफल जरा पुढे धरली. "ही दुर्बीण हाय. डुकरं लई चांगली दिसत्यात."

तात्या हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने बांध ओलांडला, त्यांच्या खाचरात पाय रोवले आणि बार काढला. सुळेवाला जागीच बसला. कळप उधळून रानात गेला.

ही काही बंदूक नव्हे, हे नवऱ्याने एकदा कबूल करावं म्हणून तुळजाबाई किती दिवस वाट बघत होती. करेल तेव्हा पोटभर हसायचं, असंही तिने ठरवलं होतं. पण डोक्याचा फेटा काढून दुसऱ्याच्या पायाशी ठेवावा तसा तो बोलला होता, आणि तिला हसू आलं नाही. रडू आलं. अर्धं खाचर वाचलं होतं, तरी आलं.