माझ्या पोटातला डोंगर

मित्रांनो, जुन्या वस्तू स्वतःविषयी बोलायला लागल्या की फार गोड बोलतात. मालकाने मला जपलं, मालकाने मला पुसलं, वगैरे. माझ्याकडून तसल्या गोडव्याची अपेक्षा ठेवू नका. मी डिचोलीतल्या एका घरातला जुना संगणक आहे, माझं डोकं तापट आहे, आणि ज्या घराने मला वर्षानुवर्षं राबवलं त्या घरावर माझा राग आहे. तो का, ते ऐका.

माझा जन्म म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानात झाला. जन्म कसला, जोडाजोड. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, आणि हार्ड डिस्क, म्हणजे जिच्यावर सगळं साठवून ठेवतात ती फिरती तबकडी, तिसरीकडची. मला विकत घेतलं सगुण नावाच्या माणसाने. सगुण खाणीवर टिपर चालवायचा. डोंगर फोडून काढलेली लोखंडाची माती ट्रकात भरायची आणि नदीकाठी बार्जीत, म्हणजे मालवाहू होडीत, नेऊन ओतायची, हे त्याचं काम. त्याच्या मुलीला, विनिताला, शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं आणि हल्ली चित्रं संगणकावर काढतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. केबिनमध्ये शेजारच्या सीटवर बसवून, पंच्याने बांधून, त्याने मला घरी आणलं. मानाने केलेला माझा तेवढा एकच प्रवास.

सुरुवातीची वर्षं बरी गेली, नाही म्हणत नाही. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. विनिता शाळेतून आली की आधी मला चालू करायची, मग हातपाय धुवायची. उंदराने, म्हणजे माउसने, काढलेली तिची पहिली होडी वाकडीतिकडी होती आणि घरातल्या सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. माझं कुणी केलं नाही, पण ते सोडा.

घर रस्त्याला लागून होतं. दिवसभर ट्रक जायचे आणि जनेलाच्या गजांतून तांबडी धूळ आत यायची. घरातल्या माणसांनी ती पुसली. मेज पुसलं, बसायची कदेल पुसली, देवाचे फोटो पुसले. माझी पेटी उघडून आतला पंखा पुसावा असं इतक्या वर्षांत एकाच्याही मनात आलं नाही. ती धूळ माझ्या छातीत बसली ती बसलीच. पुढे खाणी बंद पडल्या, सगुणचा टिपर अंगणात उभा राहून गंजला, रस्त्यावरची धूळ गेली. माझ्या आतली तशीच राहिली.

विनिता मोठी झाली आणि चित्रं काढणं हाच तिचा धंदा झाला. पेन टॅब्लेट आला, म्हणजे काळी पाटी आणि बिनशाईचं पेन. लग्नपत्रिका, जत्रेचे फलक, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे मोठमोठे बॅनर, सगळं माझ्याच डोक्यावर. एकेका चित्राचे पन्नास पन्नास थर, आणि मी जुन्या काळचा. दम लागला की मी थांबायचो. मग ती माझ्या कुशीत थापट मारायची. "चल मेल्या," म्हणायची. कधी "हे मडें परत हँग झालां," असं फोनवर मैत्रिणीला सांगायची, तेही माझ्यासमोर. मीही काही कमी नव्हतो. तिने काम साठवून ठेवलं नसेल नेमकं तेव्हाच मी गोठून बसायचो. मुद्दाम करायचो का, ते विचारू नका. आमचं उघड वैर होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

तिची आई विमला. ती नदीकाठच्या चोपड्याची, माहेर मासेमारीचं, त्यामुळे यंत्र म्हटलं की तिला होडीचं इंजिन आठवायचं. माझ्यावर तिचा वेगळाच राग. मुलीचे डोळे आणि तरुण वय माझ्यापायी जळतंय असं तिला वाटे. तरीही दर खंडेनवमीला ती मला हळदकुंकू वाहायची. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी घरातली आयुधं निजवतात. कोयता, आडोळी म्हणजे विळी, सगुणचे ट्रक दुरुस्तीचे पाने धुऊन पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. त्या ओळीत मी. झेंडूचा हार, कपाळावर कुंकवाचं बोट, आणि वरून अक्षता. ते तांदूळ फटीतून थेट पंख्यात जायचे आणि मी आठवडाभर कुरकुरत राहायचो. वर्षातून एक दिवस देव आणि बाकीचे दिवस मडें, असला हा मान.

आता खरी गोष्ट सांगतो. धंद्याच्या चित्रांखेरीज विनिता एक काम स्वतःसाठी करत होती. तिचा बाप ज्या गावात वाढला, तिथला डोंगर खाणीने खाल्ला. आता तिथे खड्डा आहे आणि खड्ड्यात हिरवं पाणी. त्या डोंगराचा एकही फोटो कुणाकडे नाही. तिने ठरवलं, हा डोंगर आपण चितारायचा, जसा होता तसा, एकेक वाट, एकेक झाड. दुपारी जेवणं झाली की सगुण कदेल ओढून माझ्यापुढे बसायचा आणि सांगायचा. ती काढायची आणि तो चुका काढायचा.

"न्हय गो बाय, झर थंय नासली. वयर, पणसाच्या मुळाकडेन."

ती झर पुसायची आणि वर फणसापाशी न्यायची. असं वर्षभर चाललं. रानदेवाचा दगड, गुरांचं पाणी, करवंदीची जाळी, सगळं एकेक करून माझ्यात आलं. एकदा चित्र बघता बघता सगुण म्हणाला, "अर्दो दोंगर हांवेंच व्हेलो." त्यानेच तो टिपरात भरून नेला होता. विनिताने पुढची रेघ ओढली. त्या दुपारी दोघांनी लवकरच काम थांबवलं.

मग सगुणला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी आणला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द म्हणून एक फुटत नव्हता. त्या साली खंडेनवमीला घरातली सगळी इस्पितळात होती, त्यामुळे पूजा झाली नाही. डोंगर अर्ध्याहून जास्त झाला होता आणि उरलेला सांगणारा गप्प झाला होता. जे झालं होतं ते फक्त माझ्या पोटात होतं. अर्धवट चित्र जगाला दाखवायचं नाही हा विनिताचा हट्ट, म्हणून तिने ते कुणाला पाठवलंही नव्हतं.

आणि नेमकी माझी तबकडी तेव्हाच खराब व्हायला लागली. मी सांगत नव्हतो असं नाही. आतून टिकटिक करत होतो, एक फाइल उघडायला चहा होईल इतका वेळ लावत होतो. आणखी कसं सांगायचं? विनिताने भिकाजीला बोलावलं. हा भिकाजी मिक्सर, टीव्ही, संगणक, जे समोर येईल ते दुरुस्त करतो. त्याने पेटीला कान लावला, मान हलवली.

"फॉर्मॅट मारया. नवोकोरो जातलो."

"आणि आतली चित्रां?" विनिताने विचारलं.

"चित्रां वतलीं. पूण मशीन बरें चलतलें."

चित्रं जातील म्हणताच तिने त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. त्या माणसाचा मला इतका तिटकारा आहे की पुढे त्याचं नावही काढणार नाही.

एक गोष्ट विनिताला कळली होती. मी बंद पडलो की पुन्हा उठायला मला अर्धा अर्धा दिवस लागायचा. फिरत होतो तोवर चालत होतो. म्हणून तिने मला बंद करणंच सोडलं. पैसे जमवून एक छोटी बाहेरची डिस्क आणली आणि माझ्यातलं सगळं तिच्यात भरायला घेतलं. पण भरलं कशा क्रमाने, तर आधी गिऱ्हाइकांचं. पत्रिका, फलक, पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. गिऱ्हाइकाने मागितलं आणि नाही मिळालं तर तोंड काळं होईल, असं तिचं म्हणणं. डोंगर तर आपलाच आहे, तो शेवटी घेता येईल. मी तेव्हा कुरकुरलो, तिने थापट मारली.

डोंगराची पाळी आली तो दिवस खंडेनवमीचा होता. सकाळी तिने काम लावलं आणि झेंडू आणायला बाजारात निघाली. दारातून म्हणाली, "आई, हात लावू नको हां. कॉपी चालू आसा."

विमला स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं की नाही, देव जाणे. ऐकलं असेल तरी "हात लावू नको" हे त्या घरात रोजचंच होतं. तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. "गेल्या वर्सा पूजा चुकली. म्हणान मशीन कोपला," असं ती आठवडाभर म्हणत होती. मी कोपलो होतो हे खरं, पण पूजेसाठी नव्हे. यंदा सगळं नीट करायचं, मग मुलीचं कामही चालेल आणि नवऱ्याची वाचाही येईल, असा तिने मनाशी नेम धरला होता. पाट मांडला, कोयता ठेवला, पाने ठेवले. मग माझ्यापाशी आली. पडदा आपोआप काळा झाला होता. पंखा मात्र फिरत होता. निजवायचं आयुध असं घुरघुरत राहिलेलं तिला चालेना. विनिता रागाने धरते तसं तिने माझं बटण दाबून धरलं.

मी थांबलो. तबकडी थांबली. विमलाने मन लावून पूजा केली, माझ्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून डोळे मिटले. इतक्या प्रेमाने मला त्या घरात कुणीच कधी हात जोडले नव्हते.

विनिता परत आली, तिने बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. तबकडी एकदा खरवडली आणि गप्प झाली. तिने पुन्हा दाबलं. रात्र झाली, दुसरा दिवस उजाडला, दसरा गेला. ती तबकडी नंतर मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांकडेही जाऊन आली. पुढाऱ्यांचे चेहरे बाहेरच्या डिस्कवर सुखरूप आहेत. डोंगराची एक वाटसुद्धा वाचली नाही.

"उजेड दिसलो नाय. म्हटला, काम संपला आसा," विमला सांगत राहिली. विनिताने तिच्याशी बोलणं टाकलं. आईने वाढलेलं ताट ती सरकवून ठेवायची आणि स्वतः वेगळं वाढून घ्यायची. विमलाही मानी, तिने समजूत घातली नाही. घर इतकं गप्प झालं की ज्याची वाचा गेली तो कोण हे बाहेरच्याला ओळखू आलं नसतं.

आठवण गेली तर हे सगळं कसं सांगतो, असं विचाराल. तबकडीत तिची चित्रं होती, मित्रांनो. माझा राग माझ्या पत्र्यात आहे, तो कुणी पुसू शकत नाही.

सगुणला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो रोज दुपारी डाव्या हाताने माझ्या काळ्या पडद्याकडे बोट दाखवायचा. एक दिवस विनिताचा तोल गेला. "ना तें आतां. गेलें सगळें," ती ओरडली. सगुणने मेजावर थाड्‌कन पंजा आपटला. तिने चिडून एक कागद त्याच्यापुढे टाकला आणि पेन्सिल त्याच्या डाव्या हातात कोंबली. त्याने एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि पेन्सिल भिंतीवर फेकली.

तिने ती उचलली. रागारागाने डोंगराची कड काढली आणि झर काढली, पार पायथ्याशी, चुकीच्या जागी. मुद्दाम नव्हे, रडत होती म्हणून. सगुणचा पंजा मेजावर पडला. तिने वर बघितलं. झर जरा वर घेतली. पंजा पुन्हा पडला. आणखी वर, पुन्हा थाड. फणसाच्या मुळाशी आली तेव्हा पंजा पडला नाही.

विनिताने डोळे पुसून त्या पंज्याकडे बघितलं. मग तिने मुद्दाम रानदेवाचा दगड भलत्याच बाजूला काढला. सगुण भडकला, तोंडातून लाळ आली, कदेल हलली. तिने दगड हलवला. कागद सारखा उडत होता. विमला कधी आली कळलं नाही, तिने कागदाचं टोक अंगठ्याने दाबून धरलं. विनिताने तिला हटवलं नाही.

तेव्हापासून रोज दुपारी हेच चालतं. बाप चिडतो, मुलगी चिडते, आई कागद धरते. जे कधी सांगायचं राहिलं होतं तेही आता येतंय, कारण चूक दिसली की त्याला राहवत नाही. मी आता मेजाखाली पडून ते आदळणं ऐकतो. परवा सगळं बरोबर असूनही पंजा थांबेना. विनिताने झाडं हलवली, वाट हलवली, काही उपयोग नाही. शेवटी सगुणनेच डावं बोट पुढे केलं आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत, डोंगराच्या अंगावरून, एक रुंद रेघ ओढून दाखवली. मग छातीवर बोट ठेवलं. ट्रकाचा रस्ता. माझ्यात होता त्या डोंगराला हा रस्ता नव्हता. बोलता येत होतं तोवर सगुणने तो एकदाही काढू दिला नव्हता. विनिताने रस्ता काढला, रस्त्यावर टिपर काढला आणि केबिनमध्ये माणूस काढला. मेज शांत राहिलं.

मित्रांनो, माझी दया करू नका, मला ती नको आहे. मला हार घालण्याआधी माझ्यातली धूळ काढा, एवढं जमलं तर बघा. पण तुमच्या घरात कुणाला काही आठवत असेल, तर त्याला बोलता येतंय तोवर त्याच्यासमोर बसा. आणि त्याने सांगितलेलं माझ्यासारख्या एकट्याच्या पोटात ठेवून झेंडू आणायला जाऊ नका.