कडेची नजर

माझ्या चिरंजीवांना मानेचं दुखणं जडलं ते नेमकं थिएटरात. "आई, इतक्या पुढून माझी मान अवघडते, मी मागे बसतो," म्हणाला आणि पॉपकॉर्नचा डबा घेऊन उठला. आम्ही दोघं पहिल्या रांगेत. मान कसली अवघडते! मागे त्याच्या ऑफिसातलं कुणीतरी बसलं होतं, आणि इथे त्याचे बाबा पडदा सोडून भलतीकडे तोंड करून बसले होते.

भलतीकडे म्हणजे माझ्याकडे. हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे; अख्खा बाजार यांना पेंटर म्हणूनच ओळखतो. आता डोळ्यांचं मधलं दिसणं गेलं. समोर पाहिलं की काळा डाग, कडेने मात्र थोडंफार दिसतं. तेही किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. चहाचा कप शोधायचा तर हे खिडकीकडे बघतात. घरचा टीव्ही यांच्या डागातच मावतो. त्यामुळे तो जुना अंतराळाचा सिनेमा पुन्हा लागल्याचं कळलं, तेव्हा लहान मुलासारखे मागे लागले. "अगं, एवढा मोठा पडदा! डागाच्या बाहेर उरेलच की!"

तरुणपणी या सिनेमाच्या इतक्या वाऱ्या केल्या यांनी, की मला तो सवतच वाटायचा. मी एकदाही गेले नाही. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला ग्रहताऱ्यांशी काय करायचंय?

अंधार झाला. यांची मान तशीच वळलेली, चेहरा थेट माझ्यासमोर. लग्न झाल्यापासून एवढा वेळ यांनी माझ्याकडे कधी तोंड केलं नसेल.

"दिसतंय का?"

"यान दिसतंय. बाप रे, केवढं! तू नाही दिसत."

"मी काय, रोजचीच आहे."

मागून एक शहाणा ओरडला, "आजोबा, पडदा समोर आहे!" हशा पिकला.

"त्यांना सापडलाय," मी मागे न वळता सुनावलं. "तुम्ही तुमचा बघा."

गोष्ट मला कळली ती एवढीच, की एक बाई ओसाड ग्रहावर मागे राहते आणि बाकीचे निघून जातात. जाणाऱ्यांना ती दिवा दाखवत राहते. शेवटी सगळा पडदा काळा आणि त्यात टिकलीएवढा तो दिवा. यांनी घरूनच बजावून ठेवलं होतं, "तेवढा मला दिसायचा नाही. लागला की सांग, विझला की सांग. शेवटी बराच वेळ अंधार असतो, मी श्वास रोखून बसायचो. आणि मग लागतो. तेव्हा तर सांगच."

मी सांगू लागले. "लागला. विझला. परत लागला." हळू बोलणं माझ्या गळ्यात नाही. कुणी चुकचुकलं, मी ऐकलं नाही. मग पडदा काळा झाला तो काळाच राहिला. यांनी माझा हात घट्ट धरला.

"आता?"

"नाही अजून."

तेवढ्यात मागून आवाज आला, "शूऽऽ!"

तो आवाज मी जत्रेतसुद्धा ओळखला असता. पाट्या रंगवताना हे गुणगुणायला लागले, की अभ्यासाला बसलेला माझा मुलगा यांना असाच गप्प करायचा.

समोर दिवा लागला. मला दिसला. हे विचारत होते, "आता? अगं, आता?" माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत पडद्यावर शेवटची नावं सुरू झाली होती आणि माणसं खुर्च्या आपटत उठत होती.

"संपला?"

"लागला होता," मी म्हटलं.

"हो, लागतोच. मला माहितीये की." यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. तो पुसून काही उपयोग नसतो, हे यांनाही ठाऊक आहे.

ऑफिसातलं माणूस दाराबाहेर गेल्यावर मुलगा जिन्यापाशी आला.

"मस्त ना, बाबा? दिसलं ना सगळं?"

"दिसलं रे. छान दिसलं."

जिना उतरवायला त्याने यांचा दंड धरला.

"सोड," मी म्हटलं. लोक थांबून बघायला लागले, तर बघू देत. "तू वाईट नाहीस रे. भित्रा आहेस. चार माणसांत बाप लपवणाऱ्याच्या आधाराने मी यांना एक पायरीही उतरू देणार नाही. काढ हात."