भैरूला माहीत असलेले आकडे

"दोनशे बारा," भैरू म्हणाला.

"नीट वाच मरे," आनंदीमावशी त्याच्या खांद्याआडून म्हणाली. "एकतीस हजार आसत. मळ्यातल्या पंपासाठी साठयलेले."

भैरूने कार्ड बाहेर काढलं, पँटला पुसलं, परत आत घातलं आणि एक-चार-दोन-दोन दाबलं. मशीनने तेच दाखवलं. पेडण्याच्या बाजारातल्या या एटीएमच्या दाराशी तो अकरा वर्षं बसत होता आणि मशीन खोटं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"मावशे, दोनशे बाराच दावतंय. कुणाला पाठवलं हुतं काय कार्ड घिऊन?"

"कार्ड माज्या पिशयेत. आणि नंबर तुका सोडून कोणाक ठावूक?"

तिने ते सरळ मनाने म्हटलं होतं. पण रांगेतल्या दोघांनी ते ऐकलं, आणि पेडण्यात बातमी पसरायला दोघं म्हणजे चंगळ झाली.

भैरू मूळचा चंदगडकडचा, म्हणजे घाटावरचा. रस्त्याच्या कामावर आला, गुडघा दुखावला, मग एका एजन्सीने त्याला निळा गणवेश दिला आणि स्टुलावर बसवलं. काम एवढंच की मशीन कुणी पळवू नये. मशीन कोण पळवणार! यायच्या त्या पार्से-विर्नोड्याच्या म्हाताऱ्या. कुणाचा हात थरथरे, कुणाला पडद्यावरचं दिसत नसे आणि आकडा तर सगळ्याच विसरत. भैरू चौथी शिकलेला, पण आकडा एकदा कानावर पडला की कुसळासारखा चिकटून बसे. चाळीसेक माणसांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. तो बटणं दाबी, नोटा मोजून हातात देई आणि एका रुपयालाही त्याने कधी बोट लावलं नव्हतं. त्याबद्दल स्टुलापाशी कधी काजूबिया येत, कधी तवशें. आनंदीमावशीचं तवशें ठरलेलं. तिच्या मळ्यातल्या काकडीची चव बाजारच्या काकडीला नाही, असं तो घरी दरवेळी सांगे.

'आपला पिन कोणालाही सांगू नका' हा कागद मशीनच्या वर होता. तो भैरूनेच खळ लावून चिकटवला होता. ती सूचना चोरांसाठी आहे आणि आपण काही चोर नाही, अशी त्याची साधी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी मावशीचा पुतण्या रुद्रेश मोटारसायकल दारातच आडवी लावून उतरला.

"भैरू, काकीचो नंबर तुका ठावूक आसा?"

"हाय की."

"आनी कोणाकोणाचो?"

"असतील चाळीसेक जणांचं."

कालपर्यंत हे वाक्य तो छाती फुगवून सांगत असे. आज तेच वाक्य कबुलीजबाबासारखं ऐकू आलं, आणि ते भैरूलाही ऐकू आलं.

"घाटावयलो तो घाटावयलोच," रुद्रेश जमलेल्यांकडे बघत म्हणाला आणि गेला. त्या दिवशी दुपारी रांग पलीकडच्या बँकेच्या मशीनकडे वळली. एक म्हातारी मुलाच्या मागोमाग जाताजाता हळूच म्हणाली, "भैरू, तुज्येर विश्वास आसा हां, पण झील आयकना." भैरूने मान हलवली. रात्री त्याने बायकोला, सोनाबाईला, काहीच सांगितलं नाही. तिला ते भाजीवालीकडून आधीच कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. गणवेश घालून जावं की साधा सदरा, यातच त्याची सकाळ गेली. शेवटी गणवेश घातला. टेबलाच्या एका बाजूला रुद्रेश आणि मावशी, दुसऱ्या बाजूला तो. मधे तपासाच्या अधिकारी क्षमा मॅडम बसल्या होत्या. त्यांनी भैरूला काही विचारलंच नाही. त्यांनी आधी मावशीचा मोबाइल मागून घेतला आणि बराच वेळ खालीवर केला.

"आजी, मंगळारा सकाळी हो फोन कोणाचो?"

"बँकेतल्या एका झिलाचो," मावशी म्हणाली. "बरो उलयतालो. कार्ड बंद जातला म्हणालो. कार्डावयले आकडे विचारल्यान, मियां वाचून दाखयले."

"आनी मागीर मोबायलार आयलो तो आकडो?"

"तोय सांगलंय."

"अनोळखी मनशाक?"

"अनोळखी खंयचो? बँकेतलो म्हणालो मरे!" मावशीला प्रश्नच कळेना. तिने भैरूकडे बोट केलं. "ह्या भैरूक सांगतंय, तसोच सांगलंय."

क्षमा मॅडमनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "त्याच दिसा एकोणीसशे तीस ह्या सायबर पोलिसांच्या नंबराक फोन केलो आसतो, तर पैशे वाटेर आडावपाक मेळले आसते. तुमी तीन दिस ह्या मनशाक धरून बसल्यात." रुद्रेश खिडकीबाहेर बघायला लागला. निघताना त्याने भैरूच्या दंडाला हात लावला आणि काहीतरी पुटपुटला, बहुधा माफीच असावी.

भैरू सुटला. बाजाराने ते दोन दिवसांत मान्यही केलं, चहावाल्याने एक चहा फुकट पाजला. पण भैरूला सुटल्यासारखं वाटेना. रुद्रेश बोलला त्याचा राग येऊन गेला होता. मावशीचं ठाण्यातलं बोलणं मात्र डोक्यातून जात नव्हतं. चांगल्या बोलणाऱ्या माणसाला आपला आकडा सांगावा, ही शिकवण तिला अकरा वर्षं दिली कुणी? आपणच. चोराला तर तयार पीकच मिळालं. त्याला मनापासून लाज वाटली, न केलेल्या चोरीच्या आळापेक्षा जास्त.

त्याने स्टूल उचलून दाराबाहेर उन्हात मांडलं. कुणी आत बोलावलं की तो म्हणे, "तुमचं तुम्हीच दाबा. आकडा मला सांगू नगासा." भैरूला शिंगं फुटली, असं काही जणांनी म्हणून घेतलं.

पुढच्या महिन्यात मावशी नवं कार्ड घेऊन आली. भैरू काचेकडे पाठ करून उभा राहिला. बराच वेळ गेला. मग ती दार उघडून बाहेर आली.

"दोनदा चुकलंय. आता चुकलंय तर कार्ड बंद जातला."

"बसा हितं. आठवा सावकाश." त्याने स्टूल दिलं आणि रांगेतल्यांना हाताने थोपवलं. मावशी बोटांवर काहीतरी मोजत, ओठ हलवत बसली. पार्शाची बस लागली तरी तिने तिकडे पाहिलं नाही. मग उठून आत गेली. थोड्या वेळाने भैरूच्या पाठीमागे मशीनने नोटा मोजल्याचा खरखर आवाज आला.

मावशी हसत बाहेर आली. "आज मियां एकटीन काडले!" असं म्हणून तिने पैसे कनवटीला लावले आणि त्याच्या जवळ सरकली. "आयक, नवो नंबर तुका सांगून ठेवतंय. फुडल्या म्हयन्यात इसारलंय तर? नऊ..."

भैरूने दोन्ही हात कानांवर दाबले. भर बाजारात, गणवेशात.

मावशी थांबली. तिला आधी हसू आलं, मग ते गेलं. तिने पिशवीतून तवशें काढलं, त्याच्यापुढे धरलं. त्याचे हात मोकळे नव्हते. तिने ते स्टुलावर ठेवलं आणि ती बसकडे चालू लागली.

बस निघून वळणाआड जाईपर्यंत भैरूने कानांवरचे हात काढले नाहीत.