मागाचा आवाज

"बाबा कुठं गेले वं?" वच्छलाबाईंनी कानावरचा हेडफोन काढून नातीला विचारलं.

हर्षा चाटच पडली. तीन दिवस खपून तिनं आजीची जुनी कॅसेट लॅपटॉपवर उतरवली होती. पणजी गोदूबाईंची भुलाबाईची गाणी, चाळीस वर्षांपूर्वी घरातच टेप केलेली. शब्दन् शब्द आता लख्ख ऐकू येत होता. यात पणजोबा कुठून आणायचे?

"आजी, यात पणजीच गाते ना. पणजोबा तर एक शब्दही बोलले नाहीत."

"बोलत कुठं होते ते! बाजूले बसून माग चालवून राह्यले होते. तुले म्हटलं होतं ना, मागाचा आवाज नीट करजो म्हणून?"

"मी मागचा आवाज समजली ना, आजी! गाण्याच्या मागची खडखड. म्हणून तर पुरी काढून टाकली."

नागपुरात, बेसातल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरीनं हातमाग पाहिला तरी कुठे होता? एका कान्यापायी बाप गेला की माझा, असं वच्छलाबाईंच्या मनात आलं. त्यांना हसू आलं आणि रडूही.

बाप भारी अबोल. जन्मभर लुगडी विणली. लेकीला सासरी धाडतानाही तोंडातून शब्द फुटला नाही. वळून घरात गेला आणि मागावर बसला. त्याचा फोटो होता, पण त्याचा म्हणावा असा आवाज त्या कॅसेटशिवाय कुठेच नव्हता. आणि कॅसेटची फीत तर उतरवून होताच तुटली होती.

हर्षाचा चेहरा पडला. ती भराभर फोल्डर उघडत सुटली.

"साफ करायच्या आधीची कॉपी असंल कुठंतरी... थांब, थांब. भेटली!"

तिनं ती स्पीकरवर लावली. खट्-खट्, खट्-खट्. त्या गदारोळात गोदूबाईंचं गाणं अर्धंमुर्धंच कळत होतं. वच्छलाबाई मात्र लहान पोरीसारख्या खुलल्या.

"हेच पाह्य! डावा पाय अधू होता त्याइचा. म्हणून दुसरा ठोका जरासा उशिरा पडे."

एवढ्यात खटखट थांबली. गोदूबाई एकट्याच गात राहिल्या. हर्षा घाईनं लॅपटॉपवर झुकली.

"इथलाही मीच उडवला का, आजी?"

वच्छलाबाईंनी तिचा हात धरला.

"नाही वं. धागा तुटला. जोडून राह्यले बाबा."

गाठ मारून होईस्तोवर दोघी चूप बसून राहिल्या.