तापलेल्या कोपऱ्यातला बाक

मित्रांनो, मी बाक आहे. जुना आहे आणि एका पायाने अंमळ लंगडाही आहे. सान लेआंद्रोच्या चौकात, निकासिओ न्हाव्याच्या दुकानासमोर, बदामाच्या झाडाखाली माझी जागा. साखर कारखान्यातल्या मोडक्या चरकाचं लोखंड वितळवून माझे हातपाय ओतले आणि फळ्या माहाग्वाच्या लाकडाच्या बसवल्या. पूर्वी बॅटीही त्याच लाकडाच्या करत. मला घडवणारा लोहार मला इथे ठेवून म्हणाला होता, "आता गावची म्हातारी माणसं निवांत बसतील." बिचाऱ्याला आमच्या गावची माणसं नीट ठाऊक नव्हती.

निवांत कोणी बसलंच नाही. माझ्या या जागेला 'तापलेला कोपरा' म्हणतात. सकाळी नऊपासून जेवणापर्यंत आणि पुन्हा चारनंतर इथे बेसबॉलवरून वाद चालतो, तो हंगाम असो वा नसो. एकदा नवीन आलेल्या पोलिसाने मारामारी समजून शिट्टी फुंकली होती. तासाभराने तोच एका सुटलेल्या झेलावरून टोपी काढून भांडत होता.

माझ्यावर बसण्याचा एक कायदा आहे. हंगामाच्या आधीच्या रविवारी प्रत्येकाने माझ्या लोखंडी हातावर तळवा ठेवून सांगायचं, की आपल्या गावच्या संघाचे कोळसेवाले यंदा सहा संघांत कितवे येणार. एकदा तळवा उचलला की बोललेलं बदलत नाही. ज्याचा अंदाज खरा ठरेल, त्यानेच पुढचं वर्षभर माझ्यावर बसायचं. बाकीच्यांनी उभं राहायचं, मग गुडघे गेलेले का असेनात.

चार वर्षं माझ्यावर एकटा एवेलियो बसत होता. तो बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. दर वर्षी तळवा ठेवायचा, "सहावे" म्हणायचा आणि बसायचा. संघाने त्याला कधी खोटं पाडलं नाही.

त्याच्या समोर झाडाला टेकून उभा असायचा बेनिग्नो, रेल्वेतला निवृत्त सांधेवाला. तो दर वर्षी "पहिले" म्हणायचा. अशी बावीस वर्षं त्याने उभ्याने काढली होती. दोघांची शाळेपासूनची मैत्री.

"बसून बसून बाकाला खड्डा पाडशील," बेनिग्नो म्हणायचा.

"आणि तू टेकून टेकून झाड पाडशील," एवेलियो म्हणायचा. "मग सावलीही जाईल आणि संघ तर गेलेलाच आहे."

मला त्या दोघांची सवय झाली होती. खरं सांगायचं तर लळा लागला होता.

मग त्या वर्षी सगळ्यांनाच आशा वाटू लागली. कारण होता एवेलियोचा मुलगा ओस्निएल, तेवीस वर्षांचा डावखुरा पिचर. मागच्या हंगामाच्या शेवटी त्याने तीन सामन्यांत कोणाला धड बॅट लावू दिली नव्हती. यंदा तो पहिल्यापासून खेळणार होता.

"एका हाताने हंगाम जिंकत नाहीत," निकासिओ वस्तरा पुसत दारातून ओरडायचा. त्याची बायको पुंता साल गावची, म्हणून तो तिथल्या संघाचा, मिठागरवाल्यांचा. "आमच्याकडे चार पिचर आहेत, चार."

"चार आहेत, पण चौघांचे मिळून खांदे किती चालतात?" बेनिग्नो विचारायचा. "तू बायकोला भिऊन तिकडचा झालायस. आधी गिऱ्हाइकाचा दुसरा कल्ला काप."

हंगामाला दहा दिवस होते. भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना ओस्निएल आला. बाप बसला होता, मुलगा शेजारी उकिडवा बसला.

"मी तिसऱ्या आठवड्यात जातोय," तो म्हणाला. "कायमचा, देश सोडून. नेणारा माणूस तेव्हाच येणार आहे."

एवेलियोने विचारलं, "आईला सांगितलंस?"

"आईलाही सांगू नका. बाहेर फुटलं तर संघातून नाव जाईल आणि पुन्हा वाट मिळणार नाही. बाबा, इथे माझा हात नुसता म्हातारा होईल."

एवेलियोने मुलाच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि नुसती मान डोलावली. हे फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं.

रविवार उजाडला. एकामागून एक सगळे "पहिले", "दुसरे" म्हणत गेले. एवेलियोची पाळी आली. त्याने तळवा ठेवला आणि नेहमीसारखं म्हणाला, "सहावे."

मित्रांनो, ते खरं होतं. दर वर्षी जसे हसायचे तसे सगळे हसले असते आणि विषय संपला असता. पण निकासिओ हसला नाही. "स्वतःचा पोरगा असा चेंडू टाकतोय आणि बाप म्हणतो सहावे? एवेलियो, तुला काही ठाऊक आहे का, जे आम्हाला नाही?"

सगळ्या माना एवेलियोकडे वळल्या. त्याने तळवा अजून उचलला नव्हता, त्याचा घाम मला कळत होता. "गंमत केली रे," तो म्हणाला. "पहिले. यंदा आपण पहिले."

उगाच आशा न दाखवणारा माणूस पहिले म्हणाला, तेव्हा गावाने ते खरंच धरलं. बेनिग्नो तर झाडापासून सरळ उभा राहिला. मला वाटतं, त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा सोबत मिळाली होती.

बेनिग्नोच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. राजधानीतल्या शस्त्रक्रियेसाठी दीड वर्षाने त्याचा नंबर लागला होता, तो नेमका हंगामाच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर दोन महिने ऊन नाही, धूळ नाही, मैदान तर नाहीच. सोमवारी सकाळी त्याने येऊन सांगितलं, की नंबर दुसऱ्याला दिला.

"अरे, वेडा आहेस का?" एवेलियो बाकावरून उठला. "जा तू. हंगाम काय, दर वर्षी येतो."

"असा हंगाम येत नाही. तूच म्हणालास ना पहिले?"

"मी म्हटलं म्हणून डोळे घालवशील?"

"दुसरा कोणी म्हणाला असता तर गेलो असतो," बेनिग्नो म्हणाला.

शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत एवेलियो रोज "जा रे, नंबर परत माग" म्हणत राहिला, पण जाण्याचं खरं कारण त्याला सांगता येईना. एका पारड्यात मुलाचा हात होता, दुसऱ्यात मित्राचे डोळे. मी जड लोखंडाचा, पण त्या दिवसांत तो माझ्याहून जड होऊन बसत असे.

ओस्निएल दोन सामने जिंकून गेला. तिसऱ्याच्या दिवशी मैदानात आलाच नाही. कोळसेवाले त्यानंतर सलग हरत सहावे आले. एवेलियोला कोणी शिव्या दिल्या नाहीत. निकासिओ एवढंच म्हणाला, "बापाने दुसरं काय करायचं होतं?" पण तळवा उचलेपर्यंत 'सहावे'वर कोणीच टिकलं नव्हतं, त्यामुळे ते वर्ष माझ्यावर कोणी बसलं नाही. वादही अर्ध्यावर तुटायचे. ज्यांची मुलं बाहेर होती, ते एकेक करून त्यांच्याकडे निघून गेले. माझ्या दोन फळ्या कोणीतरी चुलीसाठी काढून नेल्या.

बेनिग्नोचा पुन्हा नंबर लागेपर्यंत त्याच्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं. राजधानीहून येऊन राहिलेली मुलगी मिर्ता त्याला हाताला धरून आणून सोडायची. तो झाडाला टेकायचा आणि विचारायचा, "एवेलियो आला का?"

पहिल्या दिवशी निकासिओने पाहिलं, तर एवेलियो माझ्या पलीकडे, दोन हात अंतरावर उभा. त्याने नकारार्थी मान हलवली. "नाही आला," निकासिओ म्हणाला. मग रोज तेच होत गेलं. एवेलियो रोज यायचा, रोज त्याच्यासमोर उभा राहायचा आणि रोज 'नाही आला' ऐकायचा. मला फार राग यायचा आणि त्याची फार दयाही यायची.

मार्चमध्ये मिर्ता वडिलांना राजधानीत स्वतःच्या घरी न्यायला निघाली. बेनिग्नोने चाचपडत माझ्या लोखंडी हातावर तळवा ठेवला. "एवेलियोला सांगा, मी चिडलेलो नाही," तो म्हणाला. "फक्त एवढं विचारा, त्या रविवारी त्याला ठाऊक होतं का?"

एवेलियो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. मिर्ताने त्याला पाहिलं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "चला बाबा, बस निघेल."

उन्हाळ्यात बेनिग्नो वारल्याची बातमी आली. यंदा हंगामाआधीच्या रविवारी कोपऱ्यात पाचच माणसं होती. एवेलियोची पाळी आली. त्याने तळवा ठेवला आणि म्हणाला, "मला ठाऊक होतं. मी इथेच होतो."

"कितवे ते सांग," निकासिओ हळूच म्हणाला. तळवा उचलून एवेलियो मागे सरला.

मित्रांनो, माझ्या फळ्या नाही बसवल्या तरी चालेल, मला रंगही नको. पण 'तो आला का' असं कोणी तुमच्याबद्दल विचारत असेल आणि तुम्ही तिथेच उभे असाल, तर हो म्हणा.