तुम्ही स्वतः घेतलेला निर्णय

कारखाना बंद पडल्यापासून थोरला घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होता. थोरला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बॉयलरवर कायम एकाच पाळीत असणाऱ्या दोघांना सगळे थोरला-धाकटा म्हणत, आणि नवखी माणसं त्यांना सख्खे भाऊच समजत. आता एका इस्पितळाला बॉयलर सांभाळणारा माणूस हवा होता. या वयात थोरल्याला दुसरं कोण दारात उभं करणार? लेकीच्या एकटीच्या पगारावर घर चाललंय, याची त्याला मनातून लाज वाटे.

अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा होता. लेक टाइप करायला बसली. नाव, वय, परवाना, इथवर गाडी सुरळीत चालली. मग प्रश्न आला : 'दबावाखाली तुम्ही स्वतः घेतलेल्या निर्णयाचे उदाहरण द्या.' असले प्रश्न काढणाऱ्याने जन्मात कधी बॉयलरजवळ घाम गाळला नसावा. तिथे स्वतः असं काही नसतंच. एक बघतो, दुसरा करतो.

"वाफेची नळी फुटली होती ना, ते लिहू या," लेक म्हणाली.

"तेव्हा व्हॉल्व्ह धाकट्याने बंद केला. मी दाराशीच थिजलो होतो."

"असं लिहिलं तर नोकरी काकांनाच देतील, बाबा."

"त्याला कोण देतंय? उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत त्याची त्या दिवसापासून."

मग लेकीने हळूच विचारलं, "मग तुमच्या नावावर लिहू? त्यांचं काही जात तर नाही."

थोरला नको म्हणाला नाही.

लेकीने इतकं झकास लिहिलं, की वाचताना क्षणभर त्याचीच छाती फुगली. शेवटी खातरजमेसाठी ओळखीच्या माणसाचा नंबर मागितला होता. आजवर कुठल्याही कागदावर असा माणूस लागला, की थोरला धाकट्याचं नाव द्यायचा आणि धाकटा थोरल्याचं. सवयीने तोच नंबर तोंडून निघाला, लेकीने तो घातला आणि अर्ज पाठवला. आपण काय करून बसलो हे ध्यानात आलं, तेव्हा वेळ निघून गेली होती.

आठवड्याभराने धाकटा घरी आला. खुर्चीत नीट टेकला, मग म्हणाला, "इस्पितळातून फोन आला होता मला."

थोरल्याने विचारलं, "काय म्हणाले?"

"व्हॉल्व्ह यांनीच बंद केला का, म्हणून विचारलं. म्हटलं, हो, यानेच."

थोरल्याला वर बघवेना.

"बाई मोठी चौकस. तुम्ही का नाही अर्ज केलात, म्हणाली. म्हटलं, हात भाजलाय. तर म्हणे, कसा भाजला?" धाकट्याने भाजलेला हात मांडीवर ठेवला. "म्हटलं, माझाच हलगर्जीपणा."

आतल्या खोलीत लेकीची चाहूल थांबली. थोरल्याने झटकन फोन उचलला. "थांब, मी आत्ता खरं काय ते सांगून टाकतो त्यांना."

"सांग," धाकटा म्हणाला.

राहू दे म्हणेल, असं थोरल्याला वाटलं होतं. धाकटा नुसता बघत बसला. थोरल्याने नंबर शोधला, फोन हातात धरून ठेवला आणि मग तो मांडीवर पालथा घातला.

"काकांना पाणी आण गं," त्याने लेकीला हाक मारली.